रीमा लागूंच्या ‘त्याच त्या’ आया : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

रीमा लागू यांच्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘पुरुष’ नाटकातील त्यांची अंबिका आपण रंगमंचावर पाहिली आहे, आणि म्हणूनच हिंदी चित्रपटांतील ‘त्याच त्या’ आयांमध्ये इतक्या ताकदीची अभिनेत्री वाया गेली असे आपल्याला वाटते. मालिका तर त्यांनी निव्वळ चरितार्थासाठी केल्या आणि मी मात्र सगळ्याचेच गोडवे गायले, हा आपला आक्षेप आहे. आपली हळहळ मला समजते, निष्कर्ष मात्र मान्य नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना फार अरुंद जागा दिली, याबद्दल आपल्यात दुमत नाही. त्यांचा जन्म 1958 चा. ‘कयामत से कयामत तक’मध्ये (1988) नायिकेची आणि ‘मैंने प्यार किया’मध्ये (1989) नायकाची आई त्या झाल्या, तेव्हा त्यांनी जेमतेम तिशी गाठली होती. ‘वास्तव’मध्ये (1999) त्यांचा मुलगा झालेला संजय दत्त त्यांच्याहून फक्त वर्षभराने लहान. ज्या वयात पुरुषाला पुढची वीस वर्षे नायकच राहता येते, त्या वयात अभिनेत्रीला थेट आईच्या रांगेत बसवणारी ही रीत अन्यायाची आहे आणि तिच्याविषयी आपण संतापाने लिहिलेत ते योग्यच केलेत. पण त्या रीतीचा दोष रीमाताईंच्या पदरात का घालावा?

‘वास्तव’च पाहा. स्वतःच्याच भीतीने पिसाट झालेला रघू (संजय दत्त) शेवटी आईकडे सुटका मागतो आणि तीच त्याच्यावर गोळी झाडते. कागदावर हा प्रसंग अतिरंजित आहे. जरा चढा स्वर लागला असता तर तो कोसळलाच असता. तो उभा राहतो, कारण घरखर्चाची आणि अब्रूची सतत काळजी वाहणारी ही मध्यमवर्गीय मराठी आई त्यांनी आधीपासून इतकी खरी करून ठेवलेली असते की, तिच्या हातातले पिस्तूल आपल्याला खोटे वाटत नाही. ‘मैंने प्यार किया’मधील सुखवस्तू घरातली, मुलाशी मैत्रिणीसारखी वागणारी आई आणि ‘वास्तव’मधली ही शांता, या दोघींना ‘त्याच त्या’ म्हणणे मला तरी जमणार नाही.

हे बळ अर्थातच रंगभूमीवरून आलेले होते. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे याही रंगभूमीवरच्याच अभिनेत्री. ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकात एकाच बाईच्या देहात कुसुम आणि तिला झपाटणारी सविता, अशा दोघी रीमाताईंना दाखवायच्या होत्या. तिथे कॅमेरा जवळ येत नाही, मध्ये दृश्य तोडता येत नाही. आवाजाची पट्टी, मानेचा ताठपणा आणि नजर एवढ्यावरच एक बाई जाऊन दुसरी आली हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावे लागते.

मालिकांबद्दल आपण केलेले विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते. ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन्ही मालिकांत विनोद उभा राहतो तो समोरच्याचे वाक्य नीट ऐकून घेण्यावर. ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया पिळगांवकर यांच्याशी त्यांची जी जुगलबंदी रंगते, तिच्यात सुनेचा टोमणा पूर्ण झाल्यावर सासू क्षणभर थांबते आणि मगच उत्तर देते. हशा कुठे येईल हे ओळखून त्याला जागा ठेवण्याची ही सवय नाटकाच्या प्रयोगांतूनच अंगी मुरते. चरितार्थासाठी केलेले काम मन लावून केलेले नसते, हे गृहीतक तर मला मुळातच पटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक थोर नटांनी पोटासाठीच तोंडाला रंग लावला आहे.

18 मे 2017 रोजी त्या गेल्या, तेव्हा ‘नामकरण’ मालिकेतील त्यांचे काम चालूच होते. त्यातली दयावंती मेहता प्रेमळ नव्हती, करारी आणि प्रसंगी निष्ठुर होती.

एक विनंती आहे. अंबिका आपण पाहिली आहे, तर विजया मेहता यांच्या दिग्दर्शनातला तो प्रयोग, नाना पाटेकरांचा गुलाबराव समोर असताना रीमाताई कशा उभ्या राहत, कुठे थांबत, हे जेवढे आठवते तेवढे सविस्तर लिहावे. मी ते आपल्या परवानगीने मूळ लेखाला जोडेन.