‘गेन्शिकेन’च्या दहाव्या भागाबद्दल आधी सांगायला हवं होतं

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंत की ‘गेन्शिकेन’ या जपानी चित्रकथेचे (मांगाचे) नऊ भाग आठवड्यात संपवले, मग मोठ्या उत्सुकतेने दहावा उघडला तर ओगिउए आणि ओनो या दोघी सोडल्या तर बहुतेक सगळी पात्रं अनोळखी. वाचनालयाने दुसरीच मालिका माथी मारली आणि लेखकाने पैशासाठी गोष्ट ताणली, असंही तुमचं म्हणणं आहे. एक तारा त्यासाठीच.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि चूक आमची आहे. किओ शिमोकु यांची मूळ मालिका ‘आफ्टरनून’ मासिकात २००२ ते २००६ चालली आणि नऊ भागांत पूर्ण झाली. मग २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली, ती २०१६ पर्यंत. जपानमध्ये या दुसऱ्या पर्वाचे भाग १० ते २१ असे पुढे मोजतात. इंग्रजीत मात्र ते ‘सेकंड सीझन’ या नावाने पुन्हा १ पासून आहेत. आम्ही जपानी क्रम धरून पाठीवर १० ते २१ आकडे चिकटवले आणि वर खाकी कव्हर घातलं. त्या कव्हराखाली ‘सेकंड सीझन’ हे शब्द झाकले गेले. तुम्हाला कळणार कुठून? काउंटरवर भाग देताना मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. तेही राहून गेलं. मनापासून माफी मागतो.

पण पैशासाठी ताणली, हे मला पटत नाही आणि त्यावर चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ही गोष्ट विद्यापीठातल्या मांगा-अ‍ॅनिमे वेड्यांच्या एका मंडळाची आहे. जपानमध्ये मार्चमध्ये जुनी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, एप्रिलमध्ये नवी येतात आणि प्रत्येक मंडळ त्यांना ओढायला टेबलं मांडून बसतं. सासाहारा पहिल्या भागात असाच नवखा म्हणून बिचकत त्या खोलीत शिरतो आणि नवव्यात पदवी घेऊन निघतो. गोष्टीत चार वर्षं गेली, मासिकातही चारच. शिमोकुंनी घड्याळ कुठे थांबवलं नाही. तुम्ही वाचलेल्या भागांतच अध्यक्षपद मादारामेकडून सासाहाराकडे आणि त्याच्याकडून ओनोकडे गेलं. आणि जिच्यासाठी तुम्हाला दहावा भाग धरून ठेवावासा वाटला ती ओगिउए? तीही पहिल्यापासून नव्हती. मधल्या भागांत आली, तीही ‘मला ओताकू (म्हणजे असे मांगा-अ‍ॅनिमे वेडे) आवडत नाहीत’ असं तोंडावर सांगत. तेव्हा आमच्या कितीतरी सभासदांनी विचारलं होतं की ही फटकळ मुलगी कशाला आणली. आज त्यातलेच काही जण तिच्यासाठी ते भाग पुन्हा घेऊन जातात.

म्हणजे माणसं बदलणं दहाव्यात सुरू झालं नाही. फक्त आधी एकेक जण आला आणि गेला, इथे एकदम तिघं आली: याजिमा, योशिताके आणि हातो. म्हणून धक्का बसला, तो बसणारच.

दुसऱ्यांनी हे कसं हाताळलं, तेही पाहा. जपानी वर्तमानपत्रातली ‘साझाए-सान’ ही चित्रपट्टी १९४६ ते १९७४ चालली आणि तिच्यात कोणाचं वयच वाढत नाही. आपला चिंटूही तसाच, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. शाळेतल्या बँडची गोष्ट असलेल्या ‘के-ऑन!’ या मांगामधल्या चार मुली शाळा सोडून गेल्यावर २०११ मध्ये काकिफ्लाय यांनी दोन वेगळ्या मालिका काढल्या, एक कॉलेजात गेलेल्या चौघींची आणि एक मागे राहिलेल्या आझुसाची. दोन्ही एकेका भागात आटोपल्या. घोळका फुटला तेव्हाच त्यातली मजा गेली, असं मला वाटतं. उलट ‘हिदामारी स्केच’ या मांगामध्ये विद्यार्थिनी राहतात अशी सहा खोल्यांची एक छोटी इमारत आहे. मुली येतात, शिकून जातात, पण जिना तोच राहतो. गोष्ट त्या इमारतीची आहे, म्हणून नव्या भाडेकरूचा राग येत नाही.

‘गेन्शिकेन’मध्ये हे काम मंडळाची ती कोंदट खोली करते. एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. साकी आणि मनातून तिच्यावर प्रेम करणारा मादारामे खोलीत दोघंच असतात, तिच्या नाकातला केस बाहेर आलेला त्याला दिसतो आणि ते तिला कसं सांगावं यात त्याचा जीव अर्धा होतो. पूर्ण प्रकरणभर एवढंच. त्या खोलीत तो काय बोलू शकला नाही, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून दुसऱ्या पर्वात नोकरीला लागलेला मादारामे अजूनही विद्यापीठाच्या आसपास घुटमळताना दिसतो तेव्हा पोटात कालवतं. नव्या मुलांना त्यातलं काही ठाऊक नसतं. ती तिथे सहज हसत-खिदळत बसतात. जुनी माणसं नसणं इतकं नीट दाखवायला नवी माणसं लागतातच. हातो मुलींच्या कपड्यांत मंडळात येतो आणि कपडे बदलायला मादारामेची खोली वापरतो, तिथून तर जुनं आणि नवं एकमेकांत असं गुंततं की... पुढचं सांगत नाही, तुम्ही वाचलेलं नाही.

दुसरं पर्व निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण माझी तक्रार तुमच्या नेमकी उलट आहे. शेवटच्या भागांत शिमोकु मादारामेच्या प्रेमाच्या गुंत्यात इतके रमले की याजिमासारखी उभी राहत असलेली मुलगी बाजूला पडली. जुना माणूस सोडवेना, म्हणून नव्यांची जागा कमी झाली. मला रुखरुख वाटते ती याची.

आता कामाचं. १० ते १२ या तीन भागांची फी तुमच्या खात्यात परत केली आहे. आज दुपारी बसून इथे असलेल्या बाकीच्या अकरा भागांची कव्हरं बदलली, पाठीवर आता ‘दुसरं पर्व, २ ते १२’ असं लिहिलंय आणि नवव्याच्या आत चिठ्ठी आहे की मूळ गोष्ट इथे संपते. तिथेच थांबायचं असेल तर खुशाल थांबा, तो शेवट पूर्ण आहे. पण दहावा अजून तुमच्याकडेच आहे. परत करण्याआधी साकी पुन्हा खोलीत येईपर्यंत वाचून पाहाल का? त्यासाठी पुढचे भाग लागतील, ते तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलेत, त्यांची फी घेणार नाही. मंगळवारी बंद असतो, बाकी रोज रात्री आठपर्यंत मी काउंटरवर असतो.