व्हय म्हाराजा

आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली मंडळी त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मानकरी काय म्हणाला ते मागच्या रांगेत ऐकू येत नाही, पण त्याने होकार अडत नाही. मी लहानपणापासून मागच्या रांगेतला. संगणकापुढेही माझं हेच चालतं, आणि लॅपटॉपात उबुंटू (विंडोजच्या जागी संगणक चालवणाऱ्या लिनक्सचा एक अवतार) घालताना तेच नडलं.

गोष्ट 2022 च्या मे महिन्यातली. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आंबा संपत आला होता आणि लॅपटॉपही. बटण दाबून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. डोंबिवलीचा भाचा सुट्टीला आला होता. म्हणाला, “मामा, लिनक्स टाकू. फुकट आहे आणि सगळ्यांचं आहे.”

‘फुकट’ आवडलं. ‘सगळ्यांचं’ ऐकून पोटात गोळा आला. कोकणात सगळ्यांचं म्हणजे सामाईक, आणि सामाईक म्हणजे सातबाऱ्यावर बावीस नावं अन् गळक्या छपरावर एक कौल परतायला कोणी नाही. भाच्याने समजावलं की लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये, हेलसिंकीत शिकत असताना, याचा गाभा लिहायला घेतला आणि तेव्हापासून जगभरची माणसं त्यात भर घालताहेत.

“आणि वाटण्या?”

“शेकड्यांनी झाल्यात. पण प्रत्येक वाटेकऱ्याला अख्खं घर मिळतं.”

हे मी शेजारच्या काकांना सांगितलं. काका वडिलांच्या वाटणीचा दावा अजून लढवताहेत. ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले.

भाच्याने साडेतीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवून दिली आणि तो रात्रीची गाडी पकडून गेला. ती पेनड्राईव्हवर चढवायचं काम माझ्याकडे. घरात एकच पेनड्राईव्ह होता, तोही काकांनी ठेवायला दिलेला. पडद्यावर प्रश्न आला, की यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? व्हय म्हाराजा. त्यावर जत्रेतल्या दशावतारी नाटकाचं रात्रभराचं चित्रीकरण होतं. काका त्यात संकासुर झाले होते.

उबुंटू बसलं. वायफाय दिसेना. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, इंटरनेटवरून घ्या, असा सल्ला पडद्यावर आला. विहीर खणायला आधी विहिरीचं पाणी आणा, त्यातला प्रकार. शेवटी फोन वायरने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं ठरलं. आमच्याकडे रेंज येते ती खळ्याच्या कोपऱ्यात, फणसाच्या तिसऱ्या फांदीशी. वायर हातभर. म्हणून फोन पिशवीत घालून फांदीला आणि लॅपटॉप शिडीच्या वरच्या पायरीवर, असा मी तासभर उभा होतो. रस्त्याने जाणारे विचारत होते, “फणस काढतंस?”

मग टर्मिनल नावाची, हुकूम टाइप करायची काळी खिडकी. तिने पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पण पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही. आमच्या दमट हवेत चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तर कीबोर्डाचं काय! मी तो उलटा करून थोपटला, त्यातून दोन मुंग्या आणि पोह्याचा एक दाणा निघाला. भाचा फोनवर म्हणाला, “मामा, तो दिसत नसतोच. मागून कोणी बघितलं तर अक्षरं किती तेसुद्धा कळू नये म्हणून.” मागे बायको होती. तिला पासवर्ड माहीत आहे.

जुनं विंडोज बायकोसाठी एका कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यातलं घड्याळ साडेपाच तास मागे पडू लागलं. कारण साधं आहे: लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. भाच्याने एका ओळीत ते दुरुस्त केलं. तोवर सकाळी साडेदहाला लॅपटॉप पहाटेचे पाच दाखवायचा आणि बायको म्हणायची, “अहो, झोपा अजून.”

तीन वर्षं बरी गेली. मग उबुंटूच्या 22.04 आवृत्तीवरून 24.04 वर चढायची मला हौस आली. हे आकडे म्हणजे वर्ष आणि महिना, 2024 चा एप्रिल. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती. भाचा पोचण्याआधी स्वतः करून दाखवू म्हणून दोन दिवस आधी मी आरंभ केला. बाहेर पाऊस कोसळत होता. यंत्र विचारत होतं, मी वाय दाबत होतो. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. मध्येच वेगळा प्रश्न आला: या फाइलीत तुम्ही फेरफार केलाय, तुमची ठेवू की नवी घालू? व्हय म्हाराजा. भाच्याने मागे प्रिंटरसाठी घातलेल्या चार ओळी गेल्या. नंतर कळलं, की आपण नुसतं एंटर दाबलं तर कुठलं उत्तर धरलं जाईल ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि या वेळी ते ‘नको’ होतं. मागच्या रांगेतून हे कसं दिसावं?

एवढ्यात लाईट गेली. बॅटरी वीस मिनिटांची. एकविसाव्या मिनिटाला लॅपटॉप विझला. रात्री लाईट आल्यावर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. भाचा कोकण रेल्वेत होता.

“मामा, कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री एकदम दाबा. नाव, पासवर्ड. आता लिहा, सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, डॅश डॅश...”

मी ‘डॅश डॅश’ असं अक्षरांत लिहिलं.

“अहो, आडव्या रेघा! दोन. चिकटून. आणि त्यानंतर...”

गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तेवढा वेळ मी त्या दोन आडव्या रेघांसमोर बसून होतो. बायकोने विचारलं, “मोदकांचं पीठ दळून आणलंत?” मी व्हय म्हाराजा म्हणालो. आणलं नव्हतं.

गाडी उजेडात आली, उरलेला शब्द आला, अक्षरं भराभरा वर सरकू लागली आणि पहाटे उबुंटू उठलं.

चतुर्थीच्या रात्री भजनाच्या आधी काका आले. पडद्यावर मुकुट घातलेला प्राणी होता.

“ह्यो कोण?”

“नंबॅट, काका. ऑस्ट्रेलियातलो. ह्या आवृत्तीचा नावच त्याच्यावरसून. आदल्या आवृत्तीक जेलीफिशचा होता.”

“खाता काय?”

“वाळवी.”

काकांनी वर माळ्याच्या पोखरलेल्या वाशांकडे पाहिलं. “मगे माळ्यार सोड त्येका.”

मी मनापासून हसलो. काकाही हसले. मग टाळ हातात घेता घेता म्हणाले, “आणि माझो पेनड्राईव्ह खंय आसा?”