कोंबड्याचं काय झालं?
वेल्समधल्या पवित्र विहिरींवरचा तुमचा लेख आवडला, पण अशा विहिरी म्हणजे फक्त होलीवेलची सेंट विनिफ्रेडची विहीर, असा समज होऊ नये. तिथला मूळ झरा तर १९१७ मध्ये खाणीचं पाणी काढायच्या बोगद्यामुळे आटला. आताचं पाणी दुसरीकडून आणलेलं आहे. हे लेखात यायला हवं होतं.

मला जास्त भावते ती लान्डेग्ला गावची सेंट टेग्लाची विहीर. अपस्माराच्या रोग्याने सूर्यास्तानंतर तिथे हातपाय धुवायचे, तीन फेऱ्या मारायच्या, चार पेन्स ठेवायचे. पुरुषाने कोंबडा, बाईने कोंबडी टोपलीतून न्यायची, चर्चलाही फेऱ्या घालायच्या आणि रात्री वेदीखाली, उशाला बायबल घेऊन झोपायचं. पक्षी मेला की रोग त्याच्यात गेला! सरळसरळ उताराच की हा. अठराव्या शतकात थॉमस पेनंट या वेल्सच्या प्रवासवर्णनकाराने हे नोंदवून ठेवलंय.

आणि लेखात सगळं रोग बरे करण्याबद्दलच आहे. लानेलियन गावची सेंट एलियनची विहीर चक्क शाप द्यायला वापरत. वैऱ्याचं नाव पाण्यात टाकायचे पैसे वेगळे, काढायचे वेगळे. दोन्हीकडून कमाई! शेवटी १८२९ मध्ये ती उद्ध्वस्त केली. तिच्यावर एक लेख होऊन जाऊ द्या.