मागचा डबा

माझे सासरे मध्य रेल्वेत चौतीस वर्षे मालगाडीचे गार्ड होते, आणि आपला जावई सुटीच्या दिवशी पहाटे उठून, पदरचे पेट्रोल जाळून, तीन तासांवरच्या दरीत मालगाड्यांचे फोटो काढायला जातो, ही गोष्ट त्यांना कॅनडात आल्यावर चौथ्या दिवशी समजली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे आणि मग बराच वेळ आपल्या मुलीकडे पाहिले.

"पैसे कोण देतं याचे?"

"कोणी नाही, बाबा."

"आणि गाडीचा फोटो चुकला, तर मेमो?"

तोही कोणी देत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी हा विषय तात्पुरता बंद केला. ज्या कामात पगार नाही आणि मेमोही नाही, ते काम शहाण्या माणसाने कशासाठी करावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही त्याचे उत्तर नव्हते. बायकोने मात्र एका दगडात दोन पक्षी मारले. तिला शनिवारी उशिरापर्यंत झोपायचे होते. तिने गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास पिशवीत भरला आणि आम्हा दोघांनाही पहाटे साडेचार वाजता व्हँकूवरजवळच्या सरी शहरातल्या घरातून बाहेर काढले.

माझी जागा ठरलेली आहे. फ्रेझर नदीच्या दरीत, लिटन गावाच्या थोडे अलीकडे सिस्का म्हणून ठिकाण आहे. तिथे ट्रान्स-कॅनडा महामार्गाच्या कडेला उभे राहिले की खाली नदीवर रेल्वेचे दोन पूल एकाच नजरेत येतात. या पुलांची गोष्ट ऐकली की आपल्याकडच्या कोणत्याही भाऊबंदकीची आठवण व्हावी. कॅनेडियन पॅसिफिकवाले आधी आले. 1880 च्या दशकात त्यांच्या मार्गासाठी हजारो चिनी मजुरांनी हा कातळ फोडला, आणि या रेल्वेने दरीतून जाताना जो काठ सोयीचा दिसला तो घेतला. एक काठ अवघड झाला, की पूल बांधून दुसऱ्यावर जायचे, इतका साधा हिशेब. तीस वर्षांनी दुसरी रेल्वे, आजची कॅनेडियन नॅशनल, त्याच दरीत उतरली, तिच्या वाट्याला अर्थातच उरलेला काठ आला. 1915 साली तिचेही रूळ जोडले गेले. पहिलीने ज्या ठिकाणी काठ बदलला त्याच ठिकाणी दुसरीलाही निमूटपणे तो बदलावा लागला, म्हणून हे दोन पूल शेजारी शेजारी उभे आहेत: कॅनेडियन पॅसिफिकचा खालचा, बसका आणि चौकटींचा, कॅनेडियन नॅशनलचा वरचा, पोलादी कमानीचा.

दोन्ही पुलांवर एकाच क्षणी मालगाडी असावी, ऊन पडलेले असावे आणि मी तिथे असावे, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा आहे. या अपेक्षेपायी मी त्या कठड्यापाशी सहा शनिवार घालवले होते. हा सातवा होता.

वाटेत हेल्स गेट लागले. नदी इथे इतकी चिंचोळी होते, की दुसरी रेल्वे बांधताना 1914 साली दरड कोसळली तेव्हा सामन माशांची वाटच अडली, आणि पुढे त्यांच्यासाठी काँक्रीटचे जिने बांधावे लागले. ही माहिती मी अभिमानाने सांगितली. नरकाचे दार म्हणतात ते हेच, तिकीट काढले की पाळण्यात बसून ते ओलांडता येते, हेही सांगितले. बाबा म्हणाले, "आमचा थळ घाट 1865 चा. यांच्या वीस वर्षं आधीचा." पुढचे चाळीसेक किलोमीटर आम्ही गप्प होतो.

सिस्काला पोहोचलो तेव्हा ऊन डोंगरमाथ्यावर होते आणि नदी अजून काळोखात. ऑक्टोबर महिना, काठावरची झाडे पिवळीधमक झालेली. बाबांनी कोट, त्यावर मफलर आणि त्यावर माकडटोपी असा घाटातला पोशाख केला, मी आणलेली घडीची खुर्ची उलगडली आणि ते असे बसले, की जणू ही जागा त्यांना ड्यूटीवर नेमून दिलेली आहे. खिशातून त्यांनी एक छोटी वही आणि पेन्सिल काढली. पेन्सिलीला दोरा बांधलेला होता, आणि त्याचे दुसरे टोक कोटाच्या काजात अडकवलेले होते. निवृत्तीला पंधरा वर्षे झाली तरी दोरा सुटलेला नाही.

"पहिली गाडी किती वाजता?"

मालगाडीला वेळापत्रक नसते, असे मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर बायकोला, मित्रांना आणि एका पोलिसाला मोठ्या अधिकाराने ऐकवले आहे. त्या सकाळी मात्र ते बोलून होताच मला लाज वाटली. दोन तासांत एकही गाडी आली नाही तेव्हा मी जरा कुरकुर केली. बाबांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली आणि सांगितले, की एकदा भर पावसाळ्यात लूप लाइनवर त्यांची गाडी नऊ तास उभी होती, ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या मागच्या डब्यात, दिवा नव्हता, सोबतीला फक्त लोखंडी लाइन बॉक्स आणि एक विंचू. "तुम्हाला खुर्ची आहे, दशमी आहे. तक्रार कसली करता?" मी दशमी खाल्ली.

मग गाड्या सुरू झाल्या, आणि त्यांच्याबरोबर माझे नेहमीचे भोगही. पहिली आली तेव्हा नेमका ढग आला. दुसरी आली तेव्हा माझ्यासमोर घराएवढी एक पर्यटक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून उतरलेल्या जोडप्याने नदीकडे पाठ करून शांतपणे सँडविच खाल्ले. तिसरी गंधकाची होती, पिवळ्या ढिगांची, देखणी. ती पुलावर असताना मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. दरीत आवाजाचा भरवसा धरता येत नाही. वळणावर चाके किंचाळतात, कातळ तो आवाज इकडून तिकडे फेकतो, आणि गाडी उजवीकडून येणार म्हणून दबा धरून बसावे तर ती डावीकडून येऊन निघूनही गेलेली असते.

बाबा मात्र फोटोच्या भानगडीत नव्हते. ते डबे मोजत होते. ओठ हलत, पेन्सिल हलत नसे. गाडी संपली की मगच आकडा वहीत उतरे. चौथ्या गाडीनंतर त्यांनी वही मिटली.

"वरच्या पुलावरून सगळ्या समुद्राकडे चालल्या आहेत, खालच्यावरून सगळ्या आत. दोन कंपन्या म्हणालात ना तुम्ही? मग खालून त्या दुसऱ्या कंपनीचं इंजिन कसं गेलं?"

हे गुपित कळायला मला तीन शनिवार लागले होते. दोन्ही कंपन्यांनी या दरीत आपापसांत करार करून टाकला आहे: व्हँकूवरकडे जाणाऱ्या दोघींच्याही गाड्या कॅनेडियन नॅशनलच्या रुळांवरून, आणि परत पूर्वेकडे जाणाऱ्या दोघींच्याही कॅनेडियन पॅसिफिकच्या रुळांवरून. हे ठाऊक नसताना मी दोन आख्खे शनिवार खालच्या पुलावर पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत, उन्हाची तिरीप मोजत, उपाशी बसलो होतो. मी सगळे समजावून सांगितले. बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे डबल लाइनच की ही. अप आणि डाउनच्या मध्ये नदी आहे, एवढंच."

इतक्या थोडक्यात ही गोष्ट मी कुठेही वाचलेली नव्हती.

साडेअकराच्या सुमारास लिटनच्या बाजूने खर्जातला घोगरा आवाज येऊ लागला. उतारावर भरलेली गाडी रोखून धरणाऱ्या इंजिनांचा हा आवाज मी आता ओळखतो. कोळशाची गाडी. ती वरच्या पुलावर शिरली आणि तेवढ्यात, सहा शनिवार ज्यासाठी वाया घालवले तो दुसरा आवाज खालून, नदीच्या पश्चिम काठावरून आला. ऊन पुलांपर्यंत उतरलेले होते. ढग नव्हता. पर्यटक नव्हते. माझे हात थरथरत होते. कंटेनरांच्या गाडीचे इंजिन बोगद्यासारख्या सावलीतून बाहेर आले, खालच्या पुलाच्या पहिल्या चौकटीत शिरले, मी डोळा कॅमेऱ्याला लावला, आणि मला माकडटोपी दिसली.

बाबा खुर्चीतून उठून कठड्यापाशी, बरोबर माझ्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते. पाठ ताठ, डावा हात कठड्यावर, नजर वरच्या पुलावर.

"बाबा, जरा बाजूला!"

"मोजतोय."

मोजणाऱ्या गार्डला हटवणे कोणत्याही नियमात बसत नाही. मी तिवई उचलली, तिचा एक पाय लांब झाला, दुसरा आत गेला आणि ती कॅमेऱ्यासकट माझ्या गळ्यात पडली. त्याच अवस्थेत मी हाती लागेल ते बटण दाबत राहिलो. कोळशाच्या गाडीच्या मधोमध एक इंजिन आले तेव्हा बाबांनी न वळता विचारले, "हे बंद पडलंय?" मी तिवईखालून ओरडून सांगितले, की ते चालू आहे, त्यात माणूस नाही, पुढचा चालक रेडिओवरून ते चालवतो. "आमच्याकडे कसाऱ्याहून इगतपुरीला बँकर इंजिनं मागून ढकलतात," ते म्हणाले, "पण त्यात माणूस असतो."

कंटेनरांची गाडी केव्हाच वळणाआड गेली. कोळशाची मात्र संपत नव्हती. अशी गाडी अडीच किलोमीटरच्या आसपास लांब असते; सावकाश चालली, तर एका जागेवरून पुरती जायला चार मिनिटे घेते. शेवटचे डबे पुलावर आले तसा बाबांनी उजवा हात खांद्याच्या वर उचलला. रस्त्याकडेच्या माणसाने शेवटच्या डब्यातल्या गार्डशी करायची ती खूण: गाडी पुरी आहे, सगळे ठीक आहे. चौतीस वर्षे त्यांनी ही खूण दुसऱ्या बाजूने घेतली होती.

शेवटच्या डब्याच्या पाठीला वहीएवढी एक पेटी अडकवलेली होती, आणि तिच्यावर एक लाल दिवा होता. गाडी गेली.

बाबांचा हात तसाच होता.

"मागचा डबा कुठाय?"

पस्तीसेक वर्षांपूर्वीच इथे तो काढून टाकला, असे मी सांगितले. ती पेटीच मागच्या ब्रेकचा दाब पुढच्या इंजिनाला कळवते.

"आणि रात्री मागे कोण बसतं?"

"कोणी नाही."

त्यांनी हात खाली घेतला, खिशात घातला. भारतीय रेल्वेत गार्डचे पदनाम बदलून आता ट्रेन मॅनेजर झाले आहे, हे त्यांना मित्रांनी फोनवर सांगितले होते तेव्हा ते दोन दिवस त्यावर हसत होते. आता हसले नाहीत. "बरं झालं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "थंडी फार वाजते मागे."

मग खुर्चीत बसून त्यांनी वहीत आकडा लिहिला: 152. त्यापुढे काहीतरी शेरा लिहिला. तो मला दिसू दिला नाही. मी थर्मासमधला उरलेला चहा दोघांत वाटला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो चाळू लागलो. बारा फोटोंत आकाश होते, चारांत माझा बूट. एका फोटोत मात्र वरचा पूल पूर्ण आला होता, त्यावर लख्ख उन्हात कोळशाची गाडी, आणि खालच्या पुलाच्या जागी, कंटेनरांच्या गाडीला साफ झाकून, तपकिरी लोकरीची एक माकडटोपी.

बाबांनी चष्मा वर करून तो फोटो जवळून पाहिला. बोट पडद्यापासून जरा दूर धरून, ओठ हलवत, त्यांनी पुलावरचे डबे मोजले.

"अकरा," ते म्हणाले. "बाकीचे एकशे एक्केचाळीस कुठे गेले?"