लो बँडचा 'डबल निगेटिव्ह' : आवाज फाटतोय, तो मुद्दाम

या शतकातला सगळ्यात धाडसी रॉक अल्बम कोणता, असं मला विचारलंत तर मी लो या अमेरिकन बँडच्या 'डबल निगेटिव्ह'चं नाव घेईन. सप्टेंबर २०१८ मध्ये तो आला. तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना लिंक पाठवली, त्यांतल्या बऱ्याच जणांचं पहिलं उत्तर एकच : "अगं, आवाज फाटतोय. फाइल खराब आहे का?" फाइल खराब नाही. आवाज फाटतोय हे खरं आहे, आणि तो तसाच फाटायला हवा होता. का, ते आज जरा सविस्तर लिहिते.

लो म्हणजे मुळात नवरा-बायको. गिटारवर अ‍ॅलन स्पारहॉक आणि ड्रम्सवर मिमी पार्कर, गाणारे दोघंही. बास वाजवणारा अधूनमधून बदलत गेला. गाव डुलूथ, मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरियरच्या काठावरचं. बँड सुरू झाला १९९३ मध्ये, म्हणजे ग्रंज या गोंगाटी रॉक प्रकाराचा जोर होता तेव्हा. सगळे ओरडत असताना यांनी हळू आणि संथ वाजवायचं ठरवलं. मिमी उभं राहून वाजवायची, तेही जेमतेम सामानावर. एक स्नेअर, एक फ्लोअर टॉम, एक झांज, आणि काठ्यांऐवजी बहुतेक वेळा ब्रश. प्रेक्षक गप्पा मारायला लागले की हे आवाज आणखी कमी करायचे! १९९४ चा पहिला अल्बम ऐकलात तर दोन ठोक्यांच्या मधे किती जागा सोडली आहे ते कळेल. त्या जागेत दोघांचे आवाज एकमेकांना लागून उभे असतात. लोची ओळख म्हणजे हे दोन आवाज. पुढे काय काय बदललं, पण ते हलले नाहीत.

पंचवीस वर्षं टिकलेल्या बँडचा बारावा अल्बम कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. नीटनेटका, जुन्या चाहत्यांना सांभाळून घेणारा. वाईट नसतो, पण लक्षातही राहत नाही. लोने तो रस्ता धरला नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअरजवळच्या, 'बॉन इव्हेर' बँडच्या जस्टिन व्हर्ननच्या स्टुडिओत बीजे बर्टन या निर्मात्याबरोबर ते बसले. आधीचा अल्बमही त्यांनी त्याच्याबरोबरच केला होता, त्यामुळे विश्वास होता. या वेळी गाणी पूर्ण घडवून नेण्याऐवजी कच्ची नेली आणि ती मोडायची मोकळीक त्याला दिली. इतक्या वर्षांत कमावलेली नजाकत दुसऱ्याच्या हातात देऊन "हवं ते कर" म्हणणं सोपं नाही. या वयात तर नाहीच.

आता पहिली तीन गाणी ऐका. मधे न थांबता, कारण ती एकमेकांत मिसळतात. पहिलं सुरू होतं तेच खरखरीने, आणि ती खरखर श्वासासारखी आत-बाहेर होत राहते. डान्स संगीतात एक नेहमीची युक्ती असते, साइडचेन कम्प्रेशन. ड्रमचा ठोका पडला की बाकी सगळं क्षणभर दबतं, म्हणजे ठोका ठसठशीत ऐकू येतो. इथे दबणं आणि उसळणं ऐकू येतं, पण ज्याच्यासाठी दबायचं तो ठोका मात्र सापडत नाही. दोघांचे आवाज त्या लाटेखाली जातात, वर येतात, पुन्हा जातात. शब्द अर्धेमुर्धेच हाताला लागतात. दुसऱ्या गाण्यात खालून धडधड चालू राहते. आणि मग तिसरं गाणं, 'फ्लाय'. सगळी धूळ थोडी बसते, खाली बास चालू असतो आणि मिमी वरच्या पट्टीत एकटी गायला लागते. किती साधं गाते ती! जोर नाही, हरकती नाहीत. आधीची दहाएक मिनिटं तुम्ही त्या खरखरीत काढलेली असतात, म्हणून तो आवाज इतका आत जातो. हेच गाणं एकटं काढून प्लेलिस्टमध्ये टाकलं तर छान वाटेल, पण असं नाही वाटणार.

माझं म्हणणं हेच आहे. हा गोंगाटाचा अल्बम नाही, हा गायनाचा अल्बम आहे. आपले कान भावगीतांवर वाढलेले, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे ही आपली अपेक्षा. ती अपेक्षा मला प्रिय आहे, पण इथे ती थोडी बाजूला ठेवावी लागते. आवाजावर इतके आघात करूनही स्वरमेळ ओळखू येतो, किंबहुना जास्तच ओळखू येतो, हे ऐकायचं आहे.

तेव्हाच्या परीक्षणांत हा अल्बम ट्रम्पच्या काळातल्या अमेरिकेचा आवाज म्हणून वाचला गेला. ते खोटं नाही, पण तेवढंच म्हटलं तर तो एका बातमीचं भाष्य होऊन बसतो. शेवटच्या गाण्यात दोघं जवळजवळ उघड्या आवाजात सांगतात की सगळं पुरतं विस्कटायच्या आत वेगळ्या तऱ्हेने जगायला शिकावं लागेल. आपल्यातल्या कुणालाही ते लागू पडतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी गेली, ओव्हरीच्या कॅन्सरने. तेव्हापासून बरेच जण या अल्बममध्ये तिच्या मरणाची चाहूल शोधतात. निदान झालं ते २०२० च्या अखेरीला, अल्बम त्याच्या दोन वर्षं आधीचा. इथे ती आजारी बाई म्हणून गात नाहीये, पन्नाशीतली कसलेली गायिका म्हणून गातेय, आणि स्वतःच्या आवाजावर हा प्रयोग तिने राजीखुशीने होऊ दिला आहे. त्याचं श्रेय तिला मिळायला हवं. २०२१ मध्ये दोघांनीच मिळून केलेला 'हे व्हॉट' याच वाटेवर आणखी पुढे गेला आणि ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. म्हणजे 'डबल निगेटिव्ह' हा एकदाच जमून आलेला योगायोग नव्हता.

ऐकणार असाल तर कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचा बास तिथे अख्खा गायब होतो. साधे का होईना, हेडफोन घ्या आणि शफल बंद करा. अकरा गाणी आहेत, एकोणपन्नास मिनिटांच्या आसपास. तिसऱ्या गाण्यापर्यंत काहीच झालं नाही तर जबरदस्ती करू नका. १९९४ पासून सुरुवात करा आणि हळूहळू इकडे या. आणि ज्यांनी आधीच ऐकलाय त्यांनी खाली लिहा, 'फ्लाय'नंतर तुम्ही पुढे गेलात की ते पुन्हा लावलंत?