'दीड मिनिट गोळीच नाही?' या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. चिडलेला वाचकच लेख शेवटपर्यंत वाचतो, म्हणून मीही जरा पाल्हाळ लावतो.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. माझ्या लेखात 'मॅक्स पेन' या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमवरून आमच्या ॲक्शनपटाची सुरुवात आखलीय, आणि पहिलं दीड मिनिट एकही गोळी नाही. न्यूयॉर्कचा बर्फ सोडून गिरगावातली चाळ घेतली. आणि ज्या 'बुलेट टाइम'मुळे, म्हणजे गोळीबारातल्या स्लो मोशनमुळे, 2001 साली हा गेम गाजला, तो जेमतेम एकदा. 'रिसर्चच्या नावाखाली पळवाट' असंही तुम्ही म्हणता.

आधी गोळीचं बघू. गेम पुन्हा लावून बघाच. तो शेवटापासून सुरू होतो. नायक मॅक्स गच्चीवर, खाली पोलिसांचे सायरन. मग तीन वर्षं मागे, न्यू जर्सीतलं त्याचं घर. आपण आत शिरतो, भिंतीवर खरडलेली खूण दिसते, फोन वाजतो. गोळीबार त्यानंतरचा. तरी तोवर कंटाळा येत नाही, कारण मॅक्सला चालवतोय आपण. कुठल्या खोलीत आधी डोकवायचं हे आपला माउस ठरवतो. थिएटरातल्या माणसाला तेच जसंच्या तसं दाखवलं, तर त्याची अवस्था सायबर कॅफेत पैसे नसल्यामुळे दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहून गेम बघणाऱ्या पोरासारखी होते. 'डूम' या गोळीबाराच्या गेमवरच्या 2005 च्या चित्रपटात नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा काही मिनिटांचा प्रसंग आहे. गंमत म्हणून मला आवडतो, पण जीव कुणासाठी टांगणीला लागत नाही.

मग माउसच्या बदल्यात प्रेक्षकाला द्यायचं काय? माझं उत्तर आहे, जागा. कुठून पळता येईल आणि कुठे अडकायला होईल, हे त्याला नायकाइतकंच ठाऊक हवं. म्हणून ते दीड मिनिट. नायक जिना चढतो, तिसरी लाकडी पायरी करकरते. गॅलरीत पाण्याचं पिंप आहे, त्याला वळसा घालून जावं लागतं. टोकाला सामाईक संडास आणि त्यापलीकडे मागचा जिना, त्याच्या दाराला कुलूप. एवढंच दाखवायचं, कुणी काही बोलत नाही. पुढे खोलीत अंधार असताना खालून तीच पायरी करकरली की चेहरा दाखवायची गरज उरत नाही. आणि मागच्या कुलपाची आठवण नायकाआधी प्रेक्षकाला होते. त्यानंतर पहिली गोळी.

बर्फाचं म्हणाल, तर गिरगावात मीठ आणि थर्माकोल उधळून न्यूयॉर्क करायची माझी तयारी नाही. गेममध्ये बर्फाच्या वादळाचं काम काय, तर रस्ते ओस पाडणं आणि माणसाला एकटं पाडणं. जुलैच्या रात्री आपला पाऊस ते फुकटात करतो. फक्त दिवा पावसाच्या मागे ठेवावा लागतो, समोरून उजेड मारला तर कॅमेऱ्याला धार दिसतच नाही. आणि ओल्या लाकडी जिन्यावर कुणी धावणार नाही, ही माझी अट आहे. धावाधाव गॅलरीतच.

आता बुलेट टाइम. त्या स्लो मोशनसाठी सेकंदाला 120 फ्रेम घ्यायच्या तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, साधारण 1/240 सेकंदावर न्यावं लागतं. म्हणजे नेहमीच्या 25 फ्रेमच्या मानाने जवळपास पाचपट उजेड हवा. त्यात आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये अख्खी भिंत लुकलुकते. म्हणून तो एकच शॉट, चाळीतले दिवे घालवून, आमच्या बॅटरीवरच्या एलईडीवर. चार वेळा केला तर त्याची किंमतही जाईल, पण समजा ही माझी आवड.

बंदुका खोट्याच आहेत, तरी रात्री गॅलरीत पिस्तूल परजणारा माणूस बघून शेजारी पोलिसांना फोन करणारच. त्यामुळे चाळकरी आणि पोलीस ठाणे, दोघांना आधी लेखी कळवायचं, हे आराखड्यात पहिल्या पानावर आहे. नायकाचं नावही मॅक्स नाही, ते पात्र दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

'कलाकार सगळे मित्रच' हा टोमणाही पोचला. पहिल्या गेममधला मॅक्सचा चेहरा त्याचा लेखक सॅम लेक याचाच होता, आणि कथा सांगायला महागड्या ॲनिमेशनऐवजी फोटोंवरून केलेल्या कॉमिकच्या चौकटी वापरल्या होत्या. आम्ही तिथूनच धडा घेतलाय.

पुढच्या आठवड्यात स्टोरीबोर्ड टाकतो. पहिली गोळी कितव्या चौकटीत येते ते मोजा, मग पुन्हा भांडू.