जर्मनी एक झाली, मालकी कुणाची झाली?

एकीकरणानंतर पश्चिम जर्मनीने पूर्वेवर अमाप पैसा ओतला, खास अधिभार लावून करदात्यांकडून वसुली केली, तरी तिथले लोक अजून कुरकुरतात कशासाठी, असे अनेकदा विचारले जाते. माझ्या मते पूर्वेची तक्रार पैशापेक्षा मालकीबद्दल अधिक आहे.

1 जुलै 1990 रोजी पूर्वेत पश्चिमेचा मार्क हे चलन लागू झाले. पगार आणि निवृत्तिवेतन पूर्वेच्या जुन्या मार्कांतून एकास एक दराने बदलून मिळाले. बचतीला वयानुसार 2,000 ते 6,000 मार्कांपर्यंत तोच दर आणि उरलेल्या रकमेला दोनास एक. पगारांसाठीही दोनास एक हाच दर ठेवावा, असे बुंडेसबँकेचे, म्हणजे पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणणे होते. पूर्वेचे कारखाने जुनाट, त्यात मजुरी रातोरात महाग चलनात द्यावी लागली. सोव्हिएत संघासारख्या जुन्या गिऱ्हाइकांना ते चलन परवडेना, आणि घरचे ग्राहकही पश्चिमेच्या मालावर तुटून पडले. तरीही चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना या निर्णयाबद्दल मी फारसा दोष देणार नाही. मार्क आला नाही तर आम्हीच मार्काकडे जाऊ, असे लोक मोर्चांतून बजावत होते आणि हजारोंच्या संख्येने जातही होते.

दोष द्यायचाच तर तो पूर्वेचे सरकारी उद्योग खासगी हातात देण्यासाठी नेमलेल्या ट्रॉयहान्ड या सरकारी संस्थेच्या घाईला द्यावा. सुमारे 8,500 उद्योग आणि 40 लाख कामगार तिच्या ताब्यात होते. 1994 अखेर ती गुंडाळली गेली, तोवर बहुतेक उद्योग विकले तरी गेले होते किंवा बंद तरी पडले होते. पूर्वेच्या माणसापाशी भांडवलच नसल्याने मोठे खरेदीदार प्रामुख्याने पश्चिमेचेच निघाले.

पूर्वेच्या थुरिंगिया राज्यातील बिशोफेरोडची पोटॅश (खतासाठी लागणारे क्षार) खाण हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. 1993 मध्ये पूर्वेच्या पोटॅश खाणी पश्चिमेच्या एका कंपनीत विलीन करायचे ठरले आणि ही खाण बंद करण्याच्या यादीत गेली. कामगारांनी खाण ताब्यात घेतली, उन्हाळ्यात उपोषणाला बसले. आमच्या मालाला गिऱ्हाईक आहे, पश्चिमेच्या खाणींना स्पर्धक नको म्हणून आमचा बळी जातो आहे, असे ते सांगत होते. वर्षअखेरीस खाण बंद झाली, आणि विलीनीकरणाचा करार पुढे अनेक वर्षे गुप्तच राहिला. करार दडवून ठेवल्यावर संशय घेणाऱ्यांना वेडे ठरवण्याचा अधिकार सरकारला उरत नाही.

त्याच थुरिंगियात सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत अतिउजव्या एएफडीला 32.8 टक्के मते मिळाली आणि तो पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला. (त्यांचे तिथले नेते ब्यॉर्न ह्योके मूळचे पश्चिमेतले, हे आणखी एक.) या मतांमागे केवळ नव्वदच्या दशकातील अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही, स्थलांतरितांविषयीचा द्वेष त्यात उघड आहे आणि बंद खाणींच्या आड तो लपवण्याचे कारण नाही. परंतु न्यायालये, विद्यापीठे, मोठ्या कंपन्या यांच्या वरच्या खुर्च्यांवर पूर्वेत जन्मलेली माणसे आजही लोकसंख्येच्या मानाने फारच कमी दिसतात, आणि अनुदानाची रक्कम कितीही वाढवली तरी हे चित्र बदलत नाही.